रस्त्याच्या पोटातला मैलकुली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी डांबराविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाला डांबराशी काय कर्तव्य, असं काहींच्या मनात येईल. पण कवी संमेलनाला जाणारी एस.टी. डांबरावरूनच जाते, आणि वाटेत खड्डा आला की कवीचंही डोकं टपाला लागतं. शिवाय डांबराशी माझं घरचं नातं आहे. ते ओघात येईलच. आधी एक नवल सांगतो.

२०१२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात एरिक श्लांगेन नावाचे प्राध्यापक एका व्याख्यानाला उभे राहिले. येताना त्यांनी डांबरी रस्त्याचा एक ठोकळा बरोबर आणला होता. सगळ्यांदेखत त्यांनी तो हातोड्यानं तोडला, मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. व्याख्यान संपताना ठोकळा बाहेर काढला, तेव्हा तो पुन्हा सांधला गेला होता. माझी भाची कॅनडात असते. तिनं या व्याख्यानाची चित्रफीत मला पाठवली आणि खाली लिहिलं, "मामू, हे जरूर बघा. नाना असते तर खूश झाले असते." तिचे नाना म्हणजे माझे अब्बा. ते का खूश झाले असते, तेही पुढं सांगतो.

हा जादूचा प्रयोग नव्हता. त्यामागचं कारण समजायला सोपं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

नेदरलँड्समधले बहुतेक महामार्ग सच्छिद्र डांबराचे आहेत. आपल्याकडच्या नेहमीच्या डांबरी थरात हवेच्या पोकळ्या चार-पाच टक्के असतात. तिथल्या या थरात त्या वीस टक्क्यांच्या आसपास असतात. आपल्या अनारशाला जाळी पडते, तशी त्या रस्त्याला जाळी असते. पाऊस पडला की पाणी वर साचत नाही, जाळीतून खाली झिरपून कडेला निघून जातं. पुढच्या ट्रकच्या चाकांमधून उडणारा फवारा मागच्याच्या काचेवर येत नाही. चाकांचा आवाजही त्या जाळीत मुरतो, त्यामुळं रस्त्याकडेच्या घरांतून लोक निवांत झोपतात.

पण जाळीचं एक दुखणं असतं. खडीचा एक दाणा दुसऱ्या दाण्याला अगदी थोड्या जागी चिकटलेला असतो. ऊन, वारा आणि पाणी यांनी त्या जागचं डांबर वर्षागणिक कडक होत जातं. हिवाळ्यात जाळीतलं पाणी गोठतं. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि आधीच कडक झालेल्या सांध्यावर जोर देतं. सांध्याला केसाएवढी भेग पडते. वरून गाड्या जातच असतात. एक दिवस दाणा निखळतो. एक निखळला की शेजारच्याचा आधार जातो. चुन्याच्या भिंतीतली एक वीट काढली की पुढच्या विटा हातानं निघतात, तसंच.

आता इथं डांबराचा एक स्वभाव मदतीला येतो. डांबर दिसायला घट्ट, पण वृत्तीनं पातळ असतं. थंडीत ते दगडासारखं वागतं, आणि ऊन तापलं की मधासारखं हळूहळू सरकू लागतं. त्यामुळं बारीक भेगेच्या दोन्ही काठांचं डांबर तापलं की एकमेकांकडे ओढलं जातं, मिसळतं आणि भेग बुजते. फ्रान्समधल्या बाझँ आणि सोनिए या दोघा संशोधकांनी १९६७ सालीच हे प्रयोगानं दाखवलं होतं. डांबरी तुळई मोडायची, काठाला काठ लावून ऊबदार जागी ठेवून द्यायची आणि थोड्या काळानं पुन्हा तिची ताकद मोजायची. गेलेली बरीचशी ताकद परत आलेली असायची. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक ऊब आणि दुसरी विश्रांती. भेगेवरून सारखी चाकं जात राहिली, तर ती बुजायला सवडच मिळत नाही.

विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर सहज जातो. अनवाणी चाललेल्या माणसाला हे सांगायला नको. त्या उन्हात आपल्या रस्त्यांच्या कितीतरी बारीक भेगा कुणाच्याही नकळत बुजतात. त्यासाठी ना ठेकेदार लागतो, ना निविदा. अर्थात तेच ऊन दुसरीकडून नुकसानही करतं. मऊ झालेल्या डांबरावरून जादा माल भरलेले ट्रक गेले की चाकांची चाकोरी पडते. आम्ही कवींनी हा शब्द वापरून वापरून झिजवून टाकला आहे. पण डांबरात पडते ती चाकोरी खरीखुरी असते, आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं.

नेदरलँड्सला असं ऊन कुठलं? तेव्हा श्लांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, आकाशातून ऊब मिळत नसेल तर रस्त्याच्या आतूनच ती का देऊ नये? त्यांनी डांबराच्या मिश्रणात पोलादाचे अगदी बारीक तंतू मिसळले. भांडी घासायची तारेची घासणी असते ना, त्या जातीचे. आपल्यापैकी अनेकांच्या ओट्यावर इंडक्शनची शेगडी आहे. त्या शेगडीवर हात ठेवला तर भाजत नाही, ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलं तर तेही नीट तापत नाही, पण लोखंडाचा तवा लगेच तापतो. शेगडीतल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळं तव्यातच वीज फिरते आणि तवा स्वतः तापतो. तीच युक्ती इथं आहे. मोठी थोरली इंडक्शनची शेगडी चाकांवर बसवायची आणि रस्त्यावरून सावकाश फिरवायची. खडी जवळजवळ जागच्या जागी राहते. तंतू तापतात, त्यांच्या भोवतीचं डांबर ८५ अंशांच्या आसपास जातं, पाघळतं आणि भेगा बुजवतं. श्लांगेन यांच्या ठोकळ्यात हेच तंतू होते. मायक्रोवेव्हनं त्यांनाच तापवलं.

डिसेंबर २०१० मध्ये फ्लिसिंगेन शहराजवळच्या ए-५८ या महामार्गावर अशा डांबराचा ४०० मीटरचा तुकडा प्रत्यक्ष टाकण्यात आला आणि रोजच्या वाहतुकीला खुला झाला. २०१७ सालापर्यंत त्यांच्या देशातल्या बारा रस्त्यांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली होती. त्या वेळी श्लांगेन यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती मला फार आवडली. ते म्हणाले होते की सगळे तुकडे उत्तम आहेत, पण साधं डांबरसुद्धा सात ते दहा वर्षं ठीक राहतंच. खरी परीक्षा त्यानंतर आहे. असा रस्ता सुमारे पंचवीस टक्के महाग पडेल, पण दुप्पट टिकेल, असा त्यांचा अंदाज होता. आपल्या शोधाबद्दल इतकं तोलून बोलणारा माणूस असला की विश्वास ठेवावासा वाटतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तंतू नीट मिसळले नाहीत तर त्यांचे गुंते होतात. रस्ता जास्त तापवला तर डांबर भेग बुजवायच्या ऐवजी खाली निथळून जातं. आणि मुख्य म्हणजे डांबर म्हातारं होतं. त्यातले हलके तेलकट अंश उन्हावाऱ्यानं कमी होतात. मग ते कितीही तापवलं तरी पूर्वीसारखं वाहत नाही.

या म्हातारपणावर दुसरा उपाय शोधला जातो आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी सूर्यफुलाचं तेल भरलेल्या बारीक गोळ्या डांबरात मिसळून पाहिल्या. भेग पडली, दाब आला की गोळी फुटते, तेल बाहेर येतं आणि भोवतीच्या कडक डांबराला मऊ करतं. २०२५ साली लंडनचं किंग्ज कॉलेज, स्वान्सी विद्यापीठ आणि चिलीतले संशोधक यांनी वनस्पतींच्या सूक्ष्म पोकळ बीजाणूंमध्ये वापरून झालेलं तेल भरून तसाच प्रयोग केला. प्रयोगशाळेत त्यांच्या डांबराची बारीक भेग तासाभराच्या आत भरून आली. गोळीचा दोष एवढाच की ती एकदाच फुटते. शेगडी मात्र पुन्हा पुन्हा फिरवता येते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. 'आपलं आपण भरून येणारं डांबर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खड्डा येतो, आणि रात्रीतून तो बुजलेला आपण मनानं पाहतो. तसं होणार नाही. जगातलं कुठलंही डांबर खड्डा भरून काढू शकत नाही. जिथली खडीच निघून गेली, तिथं सांधायला उरलं काय? हे सगळं शास्त्र आहे ते डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या भेगेसाठी. ती बुजली तर खड्डा पडत नाही. नाही बुजली तर पुढचं सगळं पाण्याच्या आणि चाकांच्या हाती.

हीच गोष्ट माझे अब्बा शाळेचं तोंड न पाहता सांगायचे. अब्बा मैलकुली होते.

तरुण श्रोत्यांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. रस्त्याचे काही मैल एकेका माणसाला नेमून दिलेले असत, तो मैलकुली. अब्बांच्या वाट्याला तीन मैल होते. फावडं, घमेलं, कुदळ आणि सायकल, एवढाच सरंजाम. रोज सकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेला असेल तर भरायचा. चर उकरायचे. मोरीत पालापाचोळा अडकला असेल तर काढायचा. रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरू लावायचा. आणि भेग दिसली की डबा गरम करून तिच्यात डांबर ओतायचं, वर बारीक कच टाकायची आणि पायानं दाबायची. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. मला कच टाकायचं काम असे. अब्बा म्हणायचे, "भेगेला डबाभर डांबर लागतं. खड्ड्याला गाडीभर लागतं. खड्डा पडला म्हणजे आपण उशिरा आलो."

त्यांचा सगळा भर पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांवर असे. मृगाच्या आत भेग बुजली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. कारण डांबराला पाण्याचं वावडं. भेगेतून पाणी आत शिरतं, खडीवरची डांबराची पकड सोडवतं, खालचा थर ढिला करतं. मग वरून गेलेलं प्रत्येक चाक पंपासारखं ते पाणी आत-बाहेर ढकलतं. पंधरा दिवसांत परात मावेल एवढा खड्डा होतो.

अब्बा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. शेजारच्या तुकड्यावरचा माणूस गेला, तिथंही कुणी आलं नाही. कामं ठेक्यानं होऊ लागली. ठेका निघतो खड्डा बुजवायचा. भेग बघत चालायचा ठेका कोण काढणार? २००७ सालच्या जुलैत अब्बांच्या त्याच तीन मैलांत पाण्यानं भरलेल्या एका खड्ड्यात आमच्या गुरुजींची मोपेड गेली. ज्यांनी माझी पहिली कविता वाचली, तिच्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली आणि मग पाठीवर हात ठेवला, ते गुरुजी. दवाखान्यापर्यंतही ते पोहोचले नाहीत. अब्बा तेव्हा हयात होते. ते घरात कुणावर रागावले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "मार्चमध्ये त्या जागी भेग होती. मी येता-जाता बघत होतो. माझ्याकडं डबा नव्हता."

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणं २०२२ या एका वर्षात आपल्या देशात खड्ड्यांमुळं झालेल्या अपघातांत १,८५६ माणसं दगावली. प्रत्येक आकड्यामागं कुणाचे तरी गुरुजी आहेत. म्हणून मी डांबराविषयी बोलतो आहे.

श्लांगेन यांचे पोलादी तंतू मी पाहिले, तेव्हा मला वाटलं, यांनी तर रस्त्याच्या पोटातच मैलकुली बसवला! भाचीनं नेमकं हेच ओळखलं होतं.

आता थंड देशांतल्या दुसऱ्या संकटाकडं येतो. रस्ता भंगतो तसा तो निसरडाही होतो. माझी भाची ओंटॅरिओ प्रांतात राहते, रुग्णालयात नोकरी करते, पहाटे गाडी घेऊन निघते. ती म्हणते, "मामू, इथं पांढऱ्या बर्फाची भीती नाही, तो दिसतो तरी. भीती काळ्या बर्फाची." काळा बर्फ म्हणजे काचेसारखा पातळ, पारदर्शक थर. त्यातून खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. ब्रेक दाबला की गाडी आपली राहत नाही. पुलावर तर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही.

यावरचा जुना उपाय मिठाचा. मीठ पाण्यात विरघळलं की ते पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याहून खाली जावं लागतं. उन्हाळ्यात बर्फ आणि खडेमीठ घालून आइस्क्रीम फिरवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. ते मीठ गाड्यांचे तळ खातं, पुलांच्या सळया गंजवतं आणि वितळलेल्या बर्फाबरोबर वाहत जाऊन तळ्यांचं गोडं पाणी खारं करतं. शिवाय उणे दहा अंशांच्या खाली पारा गेला की साध्या मिठाचा जोर ओसरतो. नेदरलँड्सच्या जाळीदार रस्त्यांना तर मीठ जास्तच लागतं, कारण ते छिद्रांतून खाली उतरतं.

इथंही तज्ज्ञांनी अब्बांचाच धडा गिरवला आहे. बर्फ धरल्यावर तो खरवडणं आणि तो धरूच न देणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बर्फ पडायच्या आधी मिठाचं पाणी फवारलं तर फार कमी मिठात काम भागतं, कारण बर्फाला रस्त्याशी घट्ट चिकटायलाच मिळत नाही. एकदा चिकटला की दुप्पट-तिप्पट मेहनत.

मग पुढचा विचार आला: फवारणी करणारी गाडी वेळेवर पोहोचली नाही तर? म्हणून औषध रस्त्यातच घालून ठेवायचं. १९७०च्या दशकात युरोपात 'व्हेर्ग्लिमिट' नावाचं मिश्रण निघालं. कॅल्शियम क्लोराइड या क्षाराचे कण जवसाच्या तेलाच्या आवरणात गुंडाळायचे आणि डांबराच्या मिश्रणात टाकायचे. होय, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. जवसाचं तेल वाळलं की त्याचा कडक पापुद्रा होतो. वाहनांमुळं रस्ता वरून थोडा थोडा झिजतो, तसे नवे कण उघडे पडतात, हवेतला ओलावा ओढतात, आणि रस्त्यावर खारट ओलीचा पातळ थर तयार होतो. बर्फ त्याच्यावर बसतो, पण पाय रोवत नाही. यातही खोड आहेच. नवा रस्ता सुरुवातीला ओलावा जास्त ओढतो आणि स्वतःच निसरडा होतो, म्हणून तो आधी धुवावा लागतो. आणि झिजता झिजता एक दिवस साठा संपतो.

मला सगळ्यात मोह पडला तो स्वित्झर्लंडमधल्या एका पुलाचा. थून सरोवराच्या काठी डेरलिगेन गावाजवळ महामार्गावर हा पूल आहे. १९९४ साली त्याच्या डांबराखाली पाण्याच्या नळ्यांचं जाळं घातलं. उन्हाळ्यात डांबर तापतं, नळ्यांतलं पाणी ती उष्णता घेऊन शेजारच्या खडकात जातं. त्यासाठी खडकात ९१ छिद्रं पाडली आहेत, प्रत्येक ६५ मीटर खोल. खडक ती ऊब साठवतो. हिवाळा आला की तेच पाणी उलट ऊब घेऊन पुलावर येतं आणि रस्ता शून्याच्या थोडा वर राखतं. बर्फ वितळवण्याइतकं तापवायचं नाही, फक्त धरू द्यायचा नाही. आमच्या अम्मी उन्हाळ्यात सांडगे-पापड वाळवून पावसाळ्यासाठी डब्यात भरत. इथं डबा खडकाचा आहे आणि आत भरलं आहे ऊन.

विजेचाही उपाय आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या रोका गावाजवळच्या पुलावर २००२ साली पोलादी तंतू आणि कार्बन मिसळलेल्या काँक्रीटच्या ५२ लाद्या बसवल्या. त्यांतून वीज सोडली की पूल ऊबदार होतो. तो पूल काँक्रीटचा, पण तंतू घातलेल्या डांबराचंही तसंच आहे. जे पोलाद भेग सांधायला तापवायचं, तेच बर्फ हटवायलाही तापवता येईल, या दिशेनं आज पुष्कळ संशोधन चालू आहे. मात्र शेकडो मैल रस्ता असा तापवणं कुणालाच परवडणार नाही. पूल, चढाचे रस्ते, विमानतळ अशा मोक्याच्या जागांपुरताच तो उपाय आहे.

यातलं आपल्या कामाचं काय? हिमालयातल्या रस्त्यांना बर्फाचा प्रश्न आहेच. मनालीला गेलेल्या मराठी पर्यटकांनी तो काळा बर्फ अनुभवला असेल. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या होत्या. तिथल्या काही वळणांना आणि पुलांना असं शास्त्र उपयोगी पडू शकेल. आपलं आपण भरून येणाऱ्या डांबराचा विचार आपल्याकडचे महामार्गवालेही करत असल्याच्या बातम्या २०२४ साली आल्या. चांगलं आहे. ज्या रस्त्यावर दिवसरात्र वाहतूक आहे, जिथं तो दुरुस्तीसाठी बंद ठेवणं महाग पडतं, तिथं जादा पैसे घालून दुप्पट आयुष्य मिळत असेल तर ते जरूर करावं.

पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या रस्त्याचा शत्रू बर्फ नव्हे, साचलेलं पाणी आहे. आणि ऊब तर आपल्याला निसर्गानं फुकट दिली आहे. तंतूंचं डांबर टाकलं आणि कडेचा चर बुजलेलाच ठेवला, तर पहिल्या पावसाळ्यात ते तंतू गंजतील आणि खडी नेहमीसारखीच वाहून जाईल. मोरी तुंबली आहे, हे कुठल्याही गोळीला कळत नाही. ते बघायला माणूसच लागतो.

नेदरलँड्समध्येही ती शेगडी आपोआप फिरत नाही. कुठल्या रस्त्याच्या सांध्यांना भेगा पडू लागल्या आहेत, हे आधी कुणीतरी पाहतो, नोंद ठेवतो, आणि दाणा निखळायच्या आत शेगडी पाठवतो. डेरलिगेनच्या पुलावरही पारा किती उतरला, हे मोजून मगच पाणी सोडतात. शास्त्रानं मैलकुलीच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आहे, पण त्याचे डोळे अजून कामावरच आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नवं डांबर येईल तेव्हा येवो. तोवर प्रत्येक रस्त्याच्या काही मैलांना एक चालणारा माणूस द्या. त्याच्या हातात आज फावड्याबरोबर मोबाइलही देता येईल, भेगेचा फोटो त्याच दिवशी कचेरीत पोहोचेल. आणि त्याला डबाभर डांबर द्या, मृगाच्या आत द्या.

आपल्यालाही काही करता येईल. आपण खड्ड्याची तक्रार करतो, ती करायलाच हवी. पण यंदा मार्च-एप्रिलमध्ये फिरायला निघाल तेव्हा आपल्या दारासमोरच्या रस्त्याकडं जरा वाकून बघा. केसाएवढी काळी रेघ दिसेल. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन त्या रेघेची तक्रार करा. लोक हसतील, म्हणतील, एवढ्याशा भेगेसाठी आलात? त्यांना सांगा, होय, एवढीशी आहे म्हणूनच आलो. एवढीशी आहे तोवरच ती भरून येते.